वळणावर सांडलेलं पेट्रोल : रत्नागिरी–पावस रस्त्यावरच्या एका टर्बो हॅचबॅकचं प्रकरण

गाडी आणि तक्रार

गाडी अशी : ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो (हवा दाबाने आत कोंबणारं) पेट्रोल इंजिन, इंधनाची फवारणी थेट सिलिंडरमध्ये, ताकद १२० पीएसच्या घरात, हाताने टाकायचे सहा गिअर. रंग काळा, बंपरखाली लाल रेघ, सायलेन्सरला दोन तोंडं. २०२२ ची बनावट. आधी पुण्यात वापरली गेली, मग सेकंडहँड म्हणून रत्नागिरीत आली. पुण्याच्या मालकाने मूळची १६ इंची चाकं काढून १७ इंची अलॉय बसवली होती, तीही गाडीबरोबर आली.

नवा मालक कॉलेजात शिकवतो. राहतो पावसला, नोकरी रत्नागिरीत. रोजची फेरी जाऊनयेऊन छत्तीसेक किलोमीटर, वर गावातली किरकोळ धावपळ. लिटरला किती किलोमीटर मिळतात याबद्दलची त्याची तक्रार एका वाक्यात संपत होती : "काका, कागदावर वीस, पुण्यात सोळा आणि आपल्याकडे बारासुद्धा नाही." त्यात भर म्हणजे वडिलांची जुनी डिझेल हॅचबॅक त्याच रस्त्यावर आरामात अठरा-एकोणीस देत होती आणि वडील हे रोज जेवताना ऐकवत होते.

माझ्याकडे येण्याआधी तो एका गॅरेजात जाऊन आला होता. तिथून मिळालेली यादी खिशात होती : इंजेक्टर साफ करणे, थ्रॉटल बॉडी साफ करणे, प्लग बदलणे, टर्बो "उघडून बघणे" आणि शेवटी ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, रीमॅपिंग (त्यातली सेटिंग बदलणं). अंदाज अठ्ठावीस हजारांचा. माझं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलंय, त्यामुळे अशी यादी बघितली की मी आधी एकच विचारतो, यातलं काय बिघडलंय म्हणून करायचंय? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, यादीतही नव्हतं. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या कुठल्याही गाडीला हे प्रकरण थोड्याफार फरकाने लागू पडेल.

कागदावरचे वीस कुठून येतात

आपल्याकडचा जाहिरातीतला आकडा 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' नावाच्या चाचणीतून येतो. त्यासाठी गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. ती रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे चालवतात. सगळा कार्यक्रम १,१८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडा कमी. त्यात शहरी तुकडा चार वेळा येतो, मग मोकळ्या रस्त्याचा एक. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. चढ नाही, वळण नाही, समोरून एसटी येत नाही.

अशा चाचणीत लहान टर्बो इंजिन हुशार मुलासारखं मार्क मिळवतं. इतक्या सावकाश वेग वाढवायला लागणारी ताकद एक लिटरचं इंजिन टर्बोचा फारसा आधार न घेता देऊ शकतं, आणि मोठं इंजिन फिरवताना जे घर्षण होतं ते वाचतं. म्हणून १.० लिटरच्या टर्बो बलेनो आरएसचा २०१७ मधला जाहीर आकडा २१.१ होता. असे आकडे खोटे नाहीत. चाचणीत विचारलेल्या प्रश्नाची ती बरोबर उत्तरं आहेत. पावसचा रस्ता वेगळे प्रश्न विचारतो. तिथे पाय दाबला की तेच एक लिटरचं इंजिन दाबाने हवा कोंबून दीड-पावणेदोन लिटरच्या इंजिनासारखं ओढतं आणि तितकंच पेट्रोलही मागतं. गाडी घेताना आपण त्याचेच तर पैसे दिलेले असतात.

आधी मोजमाप धड करू

'बारासुद्धा नाही' हा आकडा आला कुठून? त्याने एकदा दोन हजारांचं पेट्रोल टाकलं, काटा पुन्हा त्याच जागी येईपर्यंत गाडी चालवली आणि भागाकार केला. कधी मीटरमधल्या डिस्प्लेवर १३.१ दिसायचं, कधी १२.४. या दोन्ही पद्धतींवर माझा भरवसा नाही. इंधनाचा काटा म्हणजे टाकीतला तरंगता गोळा, चढावर तो एक सांगतो आणि उतारावर दुसरंच. डिस्प्ले पेट्रोल मोजत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून तो अंदाज बांधतो, आणि बऱ्याच गाड्यांत हा अंदाज मालक खूश राहील अशा बाजूला झुकलेला असतो.

भरवशाची पद्धत जुनीच आहे. टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं, राउंड फिगरसाठी वर पिचकाऱ्या मारायच्या नाहीत. निदान दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलला, त्याच दिशेने गाडी उभी करून परत कटपर्यंत भरायचं. शेवटची अट कोकणात फार महत्त्वाची. आमच्याकडच्या कित्येक पंपांची जमीन रस्त्याच्या बाजूला उतरती असते. गाडी तिरकी उभी राहिली की टाकीत हवा अडकते आणि अर्धा-एक लिटर इकडेतिकडे सहज होतं. पंचवीस लिटरच्या भरण्यात एक लिटरची चूक म्हणजे चार टक्के. एवढ्यावर लोक गाडी बदलण्याच्या गोष्टी करतात.

अशा रीतीने ३०० किलोमीटरला २५.२ लिटर बसलं. भागाकार ११.९. म्हणजे तक्रार खरी होती.

पण जवळजवळ, पूर्ण नाही. कारण ती १७ इंची चाकं. मूळ टायर १९५/५५ आर१६, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. बसवलेला टायर २०५/५० आर१७, त्याचा व्यास सुमारे ६३७. फरक अडीच टक्क्यांचा. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण ओडोमीटर बिचारा जुन्या चाकाच्याच हिशेबाने मोजत राहतो. तो ३०० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ३०७ च्या वर गेलेली असते. म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज १२.२. दशांश तीनचा हा तुकडा कुणी जाळलेलाच नव्हता, तो मोजायचा राहिला होता. रुंद आणि जड चाकांमुळे होणारं खरं नुकसान वेगळं, ते यातून वजा होत नाही. तरी यापुढचा सगळा हिशेब १२.२ वर आहे.

संशयित

पहिला संशयित अर्थातच इथेनॉल. हल्ली कुठल्याही नाक्यावर गाडीचा विषय निघाला की पाच मिनिटांत ई२० वर येतो. मालकाचाही हिशेब तयार होता : वीस टक्के इथेनॉल, म्हणून वीस टक्के अ‍ॅव्हरेज कमी. असं होत नाही. इथेनॉल म्हणजे पाणी नव्हे, तेही जळतं. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१ च्या आसपास. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये ऊर्जा सुमारे सात टक्के कमी, आणि आधीच्या ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घटीचा अंदाज दिलेला आहे. ही गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे ई२० चा नियम येण्यापूर्वीची. सहा-सात टक्के धरले तरी १२.२ चे तेरा होतील. वीस आणि बारा यांच्यातली दरी यात भरत नाही.

दुसरा संशयित टायरमधली हवा. ३३ हवी होती, मिळाली २७. लोक हिला फार मोठा गुन्हेगार समजतात. टायर लवकर झिजतात, पावसात पकड बिघडते, ते सगळं खरं. पण पेट्रोलच्या हिशेबात एवढ्या कमी हवेचा वाटा एक-दोन टक्क्यांचा. हवा भरली आणि पुढे गेलो.

मग गॅरेजची यादी. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा, छोटा रीडर लावून फ्युएल ट्रिम बघितले. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू किती पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते यात दिसतं. इंजेक्टर तुंबले असते, हवा कुठून चोरून आत येत असती किंवा सेन्सर खोटं बोलत असता, तर हे आकडे दहा-पंधरा टक्क्यांच्या पलीकडे गेले असते. इथे लाँग टर्म ट्रिम अधिक चार. ई२० वर चालणाऱ्या ई१० च्या गाडीकडून एवढी अपेक्षा धरायचीच. प्लग काढून बघितले, तपकिरी आणि कोरडे. एअर फिल्टर मळलेला होता, तो बदलला. टर्बो उघडायला मी साफ नकार दिला. शिट्टी नाही, निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, मग चालत्या माणसाचं पोट कशाला फाडायचं?

राहिला किनारपट्टीचा खास संशयित, गंज. खाऱ्या हवेत ब्रेक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात, पॅड डिस्कवरून पूर्ण सुटत नाही आणि गाडी दिवसभर अर्धवट ब्रेक मारून चालल्यासारखी चालते. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की माझी पैज याच्यावरच होती. जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवली. मोकळी. पिनांना ग्रीस होतं, त्या सुळकन सरकत होत्या.

पण चाक काढलेलंच होतं म्हणून पॅड बघितले, आणि प्रकरण तिथे फिरलं. पुढचे दोन्ही पॅड जवळजवळ संपले होते, डावा-उजवा अगदी सारखे. कॅलिपर जाम असता तर एकच बाजू खाल्ली गेली असती. कागदपत्रांच्या फाइलमध्ये, विक्रीच्या आधी पुण्यात नवे पॅड टाकल्याची पावती होती. सरळ वापरात पुढचे पॅड तीस-चाळीस हजार किलोमीटर चालायला हरकत नाही. इथे वर्षही झालं नव्हतं.

पॅडची ती पूड म्हणजे दुसऱ्या रूपातलं पेट्रोल होतं.

भाट्ये ते पावस, शेजारच्या सीटवरून

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो. मागे वडील. "नेहमीसारखी चालव," एवढंच सांगितलं.

हा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : रत्नागिरीतून उतरून भाट्याच्या खाडीपुलावर यायचं, म्हणजे समुद्राच्या पातळीवर. पूल ओलांडला की सुरूचं बन, झरी विनायक, आणि मग चढण सुरू. वर जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार. गोळपचा भाग येईपर्यंत रस्ता सड्यावर नागमोडी चालतो, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागांचे गडगे, मग पावसकडे उतार. समुद्रापासून शंभरेक मीटर वर जाऊन परत खाली. कोकणातला कुठलाही किनारी रस्ता घ्या, हाच नमुना पुन्हा पुन्हा येतो : खाडीत उतरा, सड्यावर चढा, पुढच्या खाडीत उतरा.

चढणीवर पहिली गोष्ट दिसली. तो पाचव्या गिअरमध्ये, ताशी ४५ वर, इंजिन जेमतेम १,३०० फेऱ्यांवर, आणि ॲक्सिलरेटर जवळजवळ जमिनीला टेकलेला. डिझेलवर शिकलेला हात. डिझेल तसं ओढतं, त्याला चालतं. रीडरवर मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब १३० किलोपास्कलच्या वर दिसत होता, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त, टर्बो पूर्ण कामाला लागलेला. तिसरा टाकायला लावला. फेऱ्या २,२०० वर गेल्या, वेग तोच, पण दाब पंचाहत्तरपर्यंत उतरला. त्याच चढणीला, त्याच वेगाला टर्बोची गरजच उरली नाही. कमी फेऱ्यांवर जास्त लोड दिला की पेट्रोल वेळेआधी पेटायची भीती असते. मग ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि त्याच पेट्रोलातून काम कमी निघतं. थेट फवारणीच्या लहान टर्बो इंजिनांत हा लोड पिस्टनच्याही जिवावर उठू शकतो. म्हणून 'वरच्या गिअरला पेट्रोल वाचतं' हा मंत्र सपाटीवर ठीक, चढणीला नाही. पण यातूनही काही टक्केच सुटणार होते.

खरी गोष्ट सड्यावर दिसली. वळण संपलं, समोर दोनशे मीटर मोकळे. पाय दाबला, टर्बो जागा झाला, गाडी झेपावली, ६० झाले, की लगेच पुढचं वळण. ब्रेक. २५. वळण काढलं, पुन्हा दाब, पुन्हा ६०, पुन्हा ब्रेक. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. तो वेड्यासारखा चालवत नव्हता, ६० काही बेफाम वेग नाही. गाडीच अशी आहे की वेग कधी वाढला ते कळत नाही. वडिलांच्या डिझेलला त्या दोनशे मीटरांत ४५ च्या वर जायला जमायचंच नाही, म्हणून ती आपसूक काटकसरी होती.

मागून वडील म्हणाले, "चालवतोस कमी, थांबवतोस जास्त."

त्या माणसाने ओबीडी न लावता निदान केलं होतं, आणि मी चार दिवस चाकं फिरवत बसलो होतो.

हिशेब

आता हे आकड्यांत मांडतो, कारण 'ब्रेक कमी मारा' असं सांगितलेलं कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

दोन माणसांसह गाडीचं वजन १,२५० किलो धरू. लिटरभर पेट्रोलमधल्या ३२ मेगाज्यूलपैकी अशा वापरात चाकांपर्यंत फार तर ९ पोहोचतात, बाकी उष्णता म्हणून रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जातात. ताशी ६० वरून २५ वर ब्रेकने आणायचं म्हणजे सुमारे १४३ किलोज्यूल डिस्कवर जाळायचे. तेवढे परत मिळवायला १६ मिली पेट्रोल लागतं, म्हणजे तीन चमचे. ऐकायला किरकोळ. पण भाट्ये ते पावस अशी झेप-ब्रेकची वळणं मी मोटामोटी वीस धरली. वीस गुणिले सोळा, ३२० मिली. एका वेळच्या प्रवासात, एका बाजूला.

बाकीचे वाटे असे. अठरा किलोमीटर सपाटीवर, एकसारख्या वेगात, एसीशिवाय ही गाडी वीसच्या आसपास देईल, म्हणजे ९०० मिली. दमट हवेत एसी बंद ठेवायला कुणी सांगणार नाही, मीही नाही. त्याचे १७० मिली धरले. चढणीचा हिशेब गमतीचा आहे. शंभर मीटर वर चढायला १३५ मिली जास्तीचं जळतं. उतरताना ते सगळं परत मिळेल असं वाटतं, पण मिळत नाही. ताशी ४० च्या वेगाला टायरचं आणि हवेचं घर्षण भागवायला दोन टक्क्यांहून कमी उतार पुरतो. रस्ता पाच टक्के उतरत असेल, तर तिसरा हिस्सा कामी येतो आणि उरलेले दोन हिस्से ब्रेकमध्ये किंवा इंजिनच्या ओढीत जातात. तेव्हा चढउताराचा निव्वळ खर्च ९० मिली.

बेरीज १,४८० मिली. अठरा किलोमीटरला भागलं की १२.२.

इतकं चपखल उत्तर आलं की मलाच संशय आला. वर घेतलेला प्रत्येक आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी मागेपुढे असू शकतो आणि इथे चुका एकमेकींना खाऊन टाकत असणार. तेव्हा १२.२ च्या जुळण्यावर जाऊ नका, वाट्यांचा आकार बघा. ज्या चढाला आम्ही कोकणी लोक उठसूट दोष देतो त्याचे ९०, आणि वळणावरच्या ब्रेकचे ३२०.

काय बदललं

एकच नियम ठरवला : सड्यावर दोन वळणांच्या मध्ये ५० च्या वर जायचं नाही आणि पुढचं वळण दिसलं की पाय आधी उचलायचा, ब्रेक नंतर. गिअरमध्येच ठेवून पाय उचलला की फेऱ्या बऱ्या असेपर्यंत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो. त्या तेवढ्या अंतराचं पेट्रोल शून्य. वेग आपोआप ३५-४० पर्यंत येतो आणि ब्रेकला फक्त हात पुसायचं काम उरतं. ५० वरून ३५ ला येण्याची किंमत ७ मिली. सोळाच्या निम्म्याहूनही कमी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६० आणि ५० मध्ये स्पीडोमीटरवर बोटभर अंतर असलं तरी हिशेबात ते फार मोठं आहे.

वीस वळणांचे ३२० जाऊन १४० आले. कागदावर १३.८ निघत होते.

एका मित्राने त्याला उतारावर न्यूट्रल करायचा सल्ला दिला होता आणि तो ते मनापासून पाळत होता. ते बंद केलं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पीत राहतं, गिअरमध्ये पाय उचलला तर काहीच नाही. शिवाय इंजिनची ओढ गेल्यावर सगळा भार ब्रेकवर येतो. जुलैच्या पावसात, ओल्या पाल्यावर, समोरून चिऱ्यांचा ट्रक येत असताना हा प्रयोग करू नये. पेट्रोलचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नाही.

पावसमधल्या दुकानापर्यंतच्या एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्या त्याने स्कूटरवर नेल्या. थंड इंजिन, घट्ट ऑइल आणि पोहोचेपर्यंत परत बंद. यामुळे मोजणीतलं अ‍ॅव्हरेज सुधारलं, पण यात गाडी सुधारली असं कुणी म्हणू नये. वाईट किलोमीटर हिशेबातून निघून गेले, एवढंच. मी त्याला हे दोन फायदे वेगळे लिहायला सांगितले, कारण नंतर श्रेय कोणाला द्यायचं यावर घरात भांडण होतं.

पुढच्या काही टाक्यांत, मोठ्या चाकांच्या हिशेबाने दुरुस्त केलेला आकडा साडेतेरा ते चौदाच्या मध्ये स्थिरावला. पावसाळ्यात तेराच्या आसपास उतरला. काच धुरकटते म्हणून एसी सतत, रस्त्यावर पाणी, भाट्याच्या पुलाच्या तोंडाला गर्दी. प्रवासाची वेळ? दोन-तीन मिनिटांनी वाढली असेल. वडिलांनी मागच्या सीटवर झोपायला सुरुवात केली, हे माझ्या मते जास्त भरवशाचं मोजमाप.

घाटाचा आकडा आणि पुण्याचे सोळा

मध्येच तो आंबा घाटाने कोल्हापूरला जाऊन आला आणि फोन केला : "काका, येताना साडेअठरा!" जातानाचं विचारलं तर सोळा. साहजिक आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. जाताना गाडी तेवढी उचलून न्यायची, त्यालाच पाऊण लिटरच्या आसपास जास्तीचं लागतं. येताना त्यातलं थोडं परत मिळतं. घाट उतरून आल्यावर पंपावर अ‍ॅव्हरेज सांगणारे लोक खोटं बोलत नसतात, अर्धा हिशेब सांगत असतात. पण जाऊनयेऊन सरासरी सतरा पडली, आणि तीही याच गाडीत, याच ई२० वर, याच चाकांवर. पुण्याच्या मालकाचे सोळा अविश्वसनीय नव्हते. तो मोकळ्या रस्त्यावर चालवत होता.

रुपयांत

वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर १२.२ ला सुमारे ९८४ लिटर लागतं, १३.८ ला ८७०. एकशेचौदा लिटर वाचलं. पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे अकरा-बारा हजार रुपये, शिवाय पॅडचा सेट दुप्पट चालेल. एअर फिल्टर आणि नवे पॅड सोडले तर यासाठी त्याने काही खर्च केला नाही. अठ्ठावीस हजारांची यादी तशीच आहे. त्यातल्या रीमॅपिंगबद्दल तो अजून अधूनमधून विचारतो. रीमॅपने टर्बोचा दाब आणि टॉर्क वाढतो. ज्या माणसाचं पेट्रोल दोन वळणांच्या मधल्या झेपेत जात होतं, त्याला आणखी झेप विकणं हा व्यापार म्हणून उत्तम आहे.

ही गाडी पावस-रत्नागिरी रोजच्या वापराला योग्य होती का, हा प्रश्न मात्र अ‍ॅव्हरेजने सुटत नाही. केवळ पेट्रोलकडे बघायचं तर साधं, टर्बो नसलेलं १.२ लिटरचं इंजिन इथे थोडं जास्त देईल. मुख्यतः ते त्या दोनशे मीटरांत ६० ला पोहोचणार नाही म्हणून. पण चौदा हा या गाडीचा, या रस्त्यावरचा प्रामाणिक आकडा आहे, आणि तो आधी माहीत असता तरी त्याने हीच गाडी घेतली असती असं तो म्हणतो. वडिलांचं मत वेगळं आहे.

१७ इंची चाकांचा निर्णय अजून झालेला नाही. सध्याचे टायर झिजेपर्यंत ती राहतील. मग १६ इंची परत आली तर ओडोमीटर खरं बोलू लागेल, गाडी थोडी हलकी होईल आणि खड्ड्यात रिम वाकायची भीतीही कमी होईल. दिसायला मात्र १७ इंचीच छान दिसतात, हे मलाही मान्य करावं लागतं.